कुर्ल्या, तांबे आणि कायद्याचे माप

तांबे हा धातू कुर्लीला परका नाही. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त हिमोग्लोबिन करते, तेच काम कुर्लीच्या रक्तात तांबेयुक्त हिमोसायनिन करते. जुने कवच टाकून नवे घेण्याच्या काळात हे तांबे शरीरात साठवण्याची सोयही तिच्यापाशी असते. तेव्हा थोडे तांबे खाडीत मिसळले म्हणून काय बिघडले, असा युक्तिवाद कोणालाही सहज करता येईल. तो फसवा आहे.

गरजेहून अधिक झालेले तांबे प्रथम कल्ल्यांना इजा करते. कल्ले हे केवळ श्वसनाचे इंद्रिय नव्हे. शरीरातील क्षारांचा तोलही तेच राखतात. पाण्यातील खारेपणा उतरला की हे काम जड होते, आणि नेमक्या अशाच पाण्यात तांब्याचे विषारी रूप अधिक प्रभावी ठरते. प्राणवायू घटला तर कल्ल्यांवरून जास्त पाणी खेळवावे लागते. उष्मा वाढला तर प्राणवायूची गरजच वाढते. एकेकटा ताण कुर्ली सोसते, कारण खाडीत राहणाऱ्या जीवाला चढउतार नवे नाहीत. सगळे ताण एकदम आले म्हणजे तिची शक्ती जगण्यातच खर्ची पडते. वाढीला आणि प्रजननाला काही उरत नाही. पिल्ले तर प्रौढांहून कितीतरी नाजूक असतात. मासे मरून तरंगले तर निदान पंचनामा होतो. वाढ खुंटलेल्या कुर्लीचा पंचनामा कोण करणार?

दाभोळच्या खाडीकडे या दृष्टीने पाहावे. वाशिष्ठी नदीत कोयनेच्या वीजगृहांचे अवजल पावसाळा सरल्यावरही येत राहते, आणि खाडीच्या वरच्या अंगाचा खारेपणा त्यामुळे उतरतो. याच खाडीत लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले म्हणून म्हटले जाणारे सांडपाणी सोडले जाते. रासायनिक कारखान्यांच्या पाण्यात एकटे तांबे नसते. प्राणवायू खाणारे सेंद्रिय पदार्थ आणि इतर धातूही असू शकतात. बागांवर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातील मोरचूदही पावसाबरोबर ओढ्यांतून खाली येतो, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. खाडीकाठच्या भोई आणि खारवी कुटुंबांनी मासळी नाहीशी होत असल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली आहे. तिला मिळणारे शासकीय उत्तर ठरलेले असते: नमुने मर्यादेच्या आत आहेत.

ही मर्यादा काय आहे? पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे सांडपाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते. नदीत सोडा की समुद्रात, आकडा तोच. अमेरिकेत समुद्री जीवांच्या दीर्घकालीन रक्षणासाठी खुद्द समुद्राच्या पाण्यात मानलेली मर्यादा लिटरमागे सुमारे ३ मायक्रोग्रॅम, म्हणजे हजारपट कमी आहे. एक माप नळीच्या तोंडाशी लावायचे, दुसरे खुल्या पाण्याला. तेव्हा दोहोंची थेट तुलना करणे योग्य नव्हे. परंतु त्यातून एक गोष्ट उघड होते. आपल्या कायद्याने पाणी हजारपट पातळ करण्याचे काम खाडीवर सोपवले आहे, आणि तेही तिला न विचारता! भरती-ओहोटीबरोबर तेच पाणी पुढेमागे हलणाऱ्या खाडीला हे कितपत जमेल? शिवाय धातू पातळ झाला तरी नष्ट होत नाही. तो गाळात बसतो, आणि कुर्लीचे बीळ त्याच गाळात असते. प्रत्येक कारखान्याच्या परवान्यात त्याने किती सांडपाणी सोडावे याचा उल्लेख असतो. सर्वांनी मिळून एका खाडीत वर्षाकाठी किती किलो धातू टाकावा, यावर मात्र या मानकात कसलेच बंधन नाही.

अर्थशास्त्राला हा प्रकार नवा नाही. पिगू यांनी १९२० साली खाजगी आणि सामाजिक खर्चातील तफावत मांडली. कॅप यांनी १९५० साली, असा खर्च दुसऱ्यांवर ढकलणे हा खाजगी उद्योगाच्या रचनेचाच भाग असल्याचे दाखवले. शुद्धीकरणावर वाचवलेला रुपया कारखान्याच्या ताळेबंदात नफा म्हणून दिसतो. ओहोटीला चिखलात उतरून रिकाम्या हाताने परतलेल्या बाईची बुडालेली मजुरी कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. ती मोजता येत नाही, ही सबब खोटी आहे. उरणच्या खाडीतील बंदर-विस्ताराच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. मोजायचे ठरवले की मोजता येते.

मच्छीमारांचे ऐकले तर कामगारांच्या पोटावर पाय येईल, असे भय कामगार संघटनांना घातले जाते. खाडीकाठच्या अनेक घरांत बाप जाळे टाकतो आणि मुलगा कंत्राटी कामगार म्हणून कारखान्यात जातो. त्या घराने कोणाची बाजू घ्यावी? शुद्धीकरणाचा खर्च मजुरीतून नव्हे, तर नफ्यातून काढायचा आहे, ही भूमिका संघटनांनी निःसंकोच घेतली पाहिजे.

खेड, चिपळूण, दापोली आणि गुहागर तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आता नेमक्या गोष्टी मागाव्यात. खाडीने एकूण किती धातू सोसायचा त्याचा वार्षिक आकडा ठरवावा. नमुने केवळ नळीच्या पाण्याचे न घेता गाळाचे आणि कुर्लीच्या मांसाचेही घ्यावेत. मे महिन्यात एकदा आणि भर पावसात एकदा, अवजलाचा त्या दिवशीचा विसर्ग नोंदवून. नमुने घेताना गावचे दोन मच्छीमार हजर असावेत, आणि निष्कर्ष मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.