सशाचं काय झालं?

लागोपाठ दोनदा या सदरात चित्रपुस्तकांवर लिहिलं, त्याची शिक्षा या आठवड्यात मिळाली. एका जुन्या वाचकांचं पोस्टकार्ड आलंय. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांवरचा लेख त्यांना फार आवडला होता, हे पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीपासून झोडपणं सुरू. पानाला एक वाक्य असलेली पुस्तकं नातवंडांच्या उशाशी ठेवावीत, मोठ्यांच्या सदराची जागा त्यांनी अडवू नये. त्यापेक्षा एखादी दणदणीत थरारकथा घ्या, नाहीतर घरातल्या माणसांची गोष्ट सांगणारी कादंबरी घ्या, असा एकूण हुकूम.

आज्ञा शिरसावंद्य. दोन्ही घेते. पण अस्वलही घेणार.

थरारकथा म्हणून फ्रीडा मॅकफॅडनची 'द हाउसमेड' वाचली. कादंबरी २०२२ची, पण २०२५च्या डिसेंबरात पॉल फीगचा चित्रपट आला आणि तिला पुन्हा पालवी फुटली. लेखिकेचं नाव टोपणनाव आहे. बाई व्यवसायाने डॉक्टर, मेंदूला इजा झालेल्यांवर उपचार करणाऱ्या. तुरुंगातून सुटलेली मिली एका गडगंज घरात कामाला राहते. पोटमाळ्यावरच्या तिच्या खोलीला कुलूप आहे, पण बाहेरून. मालकीण नीना एका दिवशी गोडगोड बोलते, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची नासधूस करून ठेवते. मालक देखणा आणि समजूतदार, म्हणजे आपण लगेच सावध. पहिला भाग मी एका बैठकीत वाचला, हे प्रांजळपणे सांगते. हातातून ठेववत नाही, हा गुण थोडा नव्हे.

अडचण पुढे आहे. मध्यावर निवेदन मिलीकडून नीनाकडे जातं आणि आतापर्यंत जे पाहिलं त्याचा पडद्यामागचा भाग ती सांगू लागते. कल्पना चांगली आहे. पण सांगते म्हणजे किती? नवऱ्यापासून सुटायची तिची योजना पायरी एक, पायरी दोन अशी आकडे घालून मांडलेली आहे. पहिल्या भागातला प्रत्येक विचित्र प्रसंग उचलायचा, त्यावरची धूळ झटकायची आणि 'हा असा का होता' ते लेबल लावून परत ठेवायचा. शंभर पानांपूर्वी जे मला कळलं होतं तेही, आणि जे कळलं नव्हतं तेही, एकाच आवाजात. वाचणारा माणूस पंचेचाळीस वर्षांचा आहे, इन्कम टॅक्सचा फॉर्म स्वतः भरतो, हे बाईंच्या गावीही नाही.

आता अस्वल. जॉन क्लासेनचं 'आय वॉन्ट माय हॅट बॅक', २०११. अस्वलाची टोपी हरवली आहे. ते भेटेल त्याला विचारत जातं: कोल्ह्याला, बेडकाला, सशाला, कासवाला, सापाला. कोणीच पाहिलेली नाही. पुस्तकात संवादांखेरीज एक शब्द नाही. कोण बोलतंय हे अक्षरांच्या रंगावरून ओळखायचं. 'ससा म्हणाला' वगैरे काही नाही. सशाच्या डोक्यावर लाल टोकदार टोपी आहे. मी टोपी चोरणारच नाही, आता मला आणखी काही विचारू नका, असं तो गरजेपेक्षा जास्त बोलतो. अस्वल आभार मानून पुढे जातं. चार वर्षांचं मूल इथे किंचाळतं, कारण अस्वलाला जे दिसलं नाही ते त्याला दिसलेलं असतं. मग हरीण विचारतं, टोपी होती तरी कशी? पान उलटलं की सगळं पान लालभडक. अस्वल धावत माघारी जातं. अस्वल आणि ससा समोरासमोर. जोडपानभर एकही शब्द नाही.

पुढच्या पानावर अस्वल टोपी घालून बसलंय. ससा नाही. एक खार येऊन विचारते, टोपीवाला ससा कुठे दिसला का? आणि अस्वल सशाच्याच थाटात, तसंच गरजेपेक्षा जास्त बोलत उत्तर देतं: मी सशाला खाणारच नाही, आता मला आणखी काही विचारू नका.

संपलं. खून झाला, गुन्हेगार समोर आहे, कबुलीजबाब झाला, आणि 'अस्वलाने सशाला खाल्लं' हे वाक्य पुस्तकात कुठेही नाही. ते वाक्य मूल स्वतः उच्चारतं, बहुतेक वेळा फार आनंदाने. सशाच्या खोटेपणाची लय आधी कानावर पडलेली असते, म्हणून अस्वलाचा खोटेपणा पकडता येतो. पुरावा वाचकाच्या हातात आधीच देऊन ठेवायचा आणि मग गप्प बसायचं, ही तर रहस्यकथेची सगळ्यात अवघड कसरत. ती इथे शाळेतही न जाणाऱ्या वाचकाच्या भरवशावर केली आहे. पुढच्या वर्षी क्लासेनने 'धिस इज नॉट माय हॅट' काढलं. तिथे टोपीचोर मासाच निवेदक आहे. तो सांगतो एक आणि चित्र दाखवतं बरोबर उलट. २०१३चं कॅल्डेकॉट पदक या पुस्तकाला मिळालं. अविश्वसनीय निवेदक म्हणून समीक्षक 'गॉन गर्ल'पासून जो गजर करतात, तो हा मासा किती कमी शब्दांत जमवतो ते पाहावं. 'गॉन गर्ल'ही २०१२चीच.

पोस्टकार्डवाल्यांनी घरातल्या माणसांचीही फर्माईश केली आहे. त्यासाठी विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर'. मूळ कन्नड, २०१३ची; मी वाचली ती श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादात, सव्वाशे पानांच्या आत. मसाल्याच्या धंद्यात पैसा आलेलं बंगळुरूचं कुटुंब. पूर्वीच्या चिंचोळ्या घरात मुंग्या मारता मारता एक झालेली ही माणसं नव्या घरातही एकच आहेत, फक्त आता मुंग्यांच्या जागी बाहेरून येणारं कोणीही असू शकतं. सून अनिता हैदराबादला माहेरी गेली आहे. परतायला हवी होती, परतलेली नाही, फोनही नाही. घरात चहावर गप्पा चालल्यात आणि त्या किती सहज खुनांकडे वळतात! शेवटी कॉफी हाउसमध्ये निवेदकाच्या हातातला ग्लास फुटतो आणि तिथला वेटर व्हिन्सेंट अदबीने सुचवतो, साहेब, हात धुऊन घ्या, रक्त लागलंय. अनिताचं काय झालं? सशाचं काय झालं? मला विचारू नका.

माझ्या मते शानभाग आणि क्लासेन एकाच घराण्याचे. कौटुंबिक कादंबरी आणि चित्रपुस्तक असे कप्पे दुकानदाराच्या सोयीचे आहेत. 'द हाउसमेड' मात्र वेगळ्या घराण्याची, आणि त्या घराण्याचं मूळ आमच्याकडे संध्याकाळी साडेसात वाजता सापडतं. सासूने चिठ्ठी उशीखाली लपवली की तोच चेहरा तीनदा, तिन्ही वेळा वीज कडाडणार, आणि जाहिरातीनंतर सून मैत्रिणीला फोनवर सांगणार की सासूबाईंनी चिठ्ठी उशीखाली लपवली आहे. मॅकफॅडनबाईंनी आमच्या मालिका पाहिल्या असतील असा माझा दावा नाही. संशय आहे. (अर्नाळकरांचा धनंजयही शेवटी सगळं उलगडून सांगायचा, हे कोणीतरी लिहून पाठवणारच. सांगायचा. पण पुस्तक किती छोटं असायचं! उलगडा ऐकायला निम्मं आयुष्य द्यावं लागत नसे.)

आमची चित्रपुस्तकं तरी शहाणी आहेत का? माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्या 'यश' मालिकेतल्या पुस्तकांची नावं 'हात मोडला', 'मोठी शाळा' अशी आहेत. 'पडू नये म्हणून काय करावे' असं नाव त्यांनी कुठल्याही पुस्तकाला दिलेलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण याच आठवड्यात एका प्रदर्शनात एक नवं कोरं पुस्तक उचललं. माकडाचं होतं, चित्रं सुरेख, रंग न बटबटलेले. शेवटचं पान उघडलं तर तिथे चौकट: 'या गोष्टीतून आपण काय शिकलो?' आणि खाली चार रिकाम्या रेघा. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना नेमकं तेच पान आवडलं. निदान काहीतरी शिकवलंय, म्हणाल्या, नाहीतर एवढ्या पैशांत हाती काय येतं?

प्रकाशकांना एवढीच विनंती, की पुढच्या आवृत्तीत त्या चार रेघा पुसून तिथे चित्रकाराला आणखी एक चित्र काढू द्यावं. माकड झाडावरून खाली उतरलं की नाही, ते त्या चित्रात दाखवलं नाही तरी चालेल. चित्राचे पैसे मात्र वेगळे द्यावेत.