पाण्यावर पाहुणे येणार, तर नियम आपले असू द्या



हिवाळा लागला की शनिवार-रविवारी आपल्याकडच्या रस्त्यांवर एक नवीन गर्दी दिसते. डोक्यावर हेल्मेट, अंगात चापून बसलेले रंगीत कपडे, पातळ टायरच्या सायकली. कोणी नागपूरहून सावनेरमार्गे सौसरकडे येतो, कोणी बैतुल रोडने पांढुर्ण्यापर्यंत. जामसावळीला दर्शन, टपरीवर चहा-पोहे, वाटेत संत्र्याच्या बागेत फोटो. आता त्यातलेच काही जण गाडीच्या टपावर प्लास्टिकच्या होड्या बांधून धरणाच्या काठाला येऊ लागले आहेत. त्याला ते कयाक म्हणतात. दोन्हीकडून पातं असलेलं वल्हं, अंगात फुगीर जाकीट. संध्याकाळी काठावर तंबू, शेकोटी, सकाळी धुक्यात पाण्यावर फेरी, दुपारी परत.

आपल्या एका म्हाताऱ्या सभासदानं पहिल्यांदा हे पाहून विचारलं, "काहो भाऊ, यायले घरी झोपाले जागा नाही का?" सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हसू थांबलं. रात्री ताणून ठेवलेल्या जाळ्यात एक होडी अडकली, आणि आत बसलेल्या पोरानं घाबरून चाकूनं जाळं कापलं. त्यानं मुद्दाम केलं असं आम्ही म्हणणार नाही. पाण्याखाली जाळं आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण नुकसान झालं ते झालं. ते लोक माफी मागून निघून गेले आणि आपला भाऊ आठ दिवस जाळं विणत बसला.

त्या दिवसापासून आपल्यात दोन मतं आहेत. एक गट म्हणतो, यांना काठावर पाऊल ठेवू देऊ नका. दुसरा म्हणतो, पाहुणा आहे, दोन पैसे देतो, डोंग्यात बसवा आणि फिरवून आणा. आम्हाला दोन्ही मतं चुकीची वाटतात. का, ते सांगतो.

आधी डोंग्यात बसवण्याचं बोलू.

१४ सप्टेंबर २०२१ ची गोष्ट कोणी विसरलं नसेल. आपल्या शेजारच्या वरुड तालुक्यात, वर्धा नदीवर झुंज इथे नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेली नात्यातली माणसं धबधबा पाहायला निघाली होती. लहान नाव, माणसं जास्त, आणि सप्टेंबरचं भरलेलं पाणी. ११ जीव गेले. त्याआधी ९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला आलेल्या तरुणांची नाव उलटली, ८ जण बुडाले. आणि १३ सप्टेंबर २०१९ ला भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणपती विसर्जनाच्या वेळी ११ जण गेले.

तिन्ही वेळा महिना कोणता होता ते पाहा. जुलै, सप्टेंबर, सप्टेंबर. तिन्ही वेळा पावसाळा होता.

आपला डोंगा जाळं टाकायला केलेला आहे. त्यात एक वल्हवणारा, एक जाळं धरणारा आणि मधे मासळी. मासळी उठून उभी राहत नाही, फोटो काढायला एका बाजूला झुकत नाही. माणूस झुकतो. एक उभा राहिला की दुसरा उभा राहतो आणि पाणी आत येतं. त्यांची कयाक उलटली तरी सहसा तरंगत राहते, शिवाय अंगात जाकीट असतं. आपला डोंगा पाण्यानं भरला की धरायलाही काही उरत नाही. आपण पोहतो, आपल्याला वाटतं सगळेच हातपाय मारतील. शहरातल्या कितीतरी लोकांना पोहता येत नाही.

आणि उद्या काही झालं, तर गुन्हा कोणावर? ज्याचा डोंगा, त्याच्यावर. दोनशे रुपयांच्या फेरीसाठी घर, जमीन, अब्रू सगळं पणाला. म्हणून डोंगामालकांना हात जोडून सांगणं आहे: मासेमारीच्या डोंग्यात पाहुणा बसवायचा नाही. ओळखीचा असो, सरपंचाचा जावई असो, नाही म्हणजे नाही.

आता दुसरं मत. हाकलून द्या.

मंडळी, हाकलायला हक्क लागतो. आपला हक्क कशावर आहे? आपल्या मध्यप्रदेशात १० हेक्टरपर्यंतचं तळं ग्रामपंचायत पट्ट्यानं देते, १० ते १०० हेक्टरचं जनपद पंचायत आणि १०० ते १००० हेक्टरचं जिल्हा पंचायत. पण हा पट्टा मासळीचा असतो. बीज सोडायचं, वाढवायचं, पकडायचं, एवढंच त्यात येतं. धरण आणि पाणी सरकारचंच राहतं. त्यामुळे कोणी नुसतं वल्हं मारत गेला, काठावर सायकल टेकवून बसला, तर "निघ इथून" म्हणायला आपल्या हातात कागद नाही.

आणि कागद नसला की काय होतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत.

तवा धरणाचं घ्या. धरणात गावं गेली, विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ मध्ये मासेमारीचा हक्क मिळवला आणि तवा मत्स्य संघ उभा केला. स्वतःच्या समित्या, स्वतःची विक्री, स्वतःची शिस्त. दहा वर्षं उत्तम चालवलं. मासळी वाढली, रोजगार वाढला. पण ते पाणी सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या लगत. २००६ नंतर पट्टा पुढे वाढला नाही, वन्यजीव कायदा आडवा आला. आज त्याच तव्याच्या फुगवट्यात, मढईकडे देनवा नदीत, पाहुण्यांना कॅनोमध्ये बसवून पक्षी दाखवले जातात. पाणी तेच आहे आणि वल्हंही आहे, फक्त वल्हं मारणारा आणि पैसे घेणारा बदलला.

दुसरं उदाहरण याहून जवळचं. पेंचचं तोतलाडोह. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे ३०५ आदिवासी कुटुंबांच्या मासेमारी परवान्याचा विषय गेला. कोर्टानं त्यांची रोजीरोटी मानली, पण अटी घातल्या: फोटो असलेलं ओळखपत्र, ठरलेल्याच रस्त्यानं जाणं, बेटांवर न उतरणं, काठावर चूल न पेटवणं, कचरा न टाकणं. जंगलाचं भलं म्हणून या अटी वाईट नव्हत्या. आम्हाला एवढंच विचारायचं आहे: पोटासाठी पाण्यावर जाणाऱ्याला ओळखपत्र लागतं, त्याची चूल चालत नाही, मग मौजेसाठी येणाऱ्याची शेकोटी, बाटल्या, रात्रभराचा स्पीकर कोणत्या नियमात बसतो?

नियम असायला हरकत नाही. एकालाच असले की हरकत आहे.

काही भाऊ म्हणतात, आपण या लोकांना जवळ केलं की पर्यटनाच्या नावाखाली मोठा ठेकेदार येईल आणि आपल्याला काठावरून उठवेल. ही भीती खोटी नाही. इंदिरा सागरवर हनुवंतियात २०१६ पासून जल महोत्सव भरतो, तंबूंचं गावच वसतं. सरकारला अशा जागा हव्या आहेत, आणि पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला म्हटल्यावर आपल्या जिल्ह्यातही कोणीतरी नकाशा घेऊन बसेलच. पण म्हणूनच आम्ही म्हणतो, तो यायच्या आधी आपण कागदावर असलं पाहिजे. आपण गप्प बसलो म्हणून ठेकेदार थांबत नाही. उलट "इथे कोणी नाही" असं लिहून घ्यायला त्याला सोपं जातं.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. सायकलवाले, वल्हंवाले हे मोटरबोटवाल्यांपेक्षा बरे. इंजिनाचा आवाज नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, पंख्यानं जाळं गुंडाळलं जात नाही. भोपाळच्या मोठ्या तलावात क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायचा आदेश राष्ट्रीय हरित अधिकरणाला २०२३ मध्ये द्यावा लागला. तेव्हा कोणी ना कोणी येणारच असेल, तर वल्हं मारणारा आलेला चांगला. त्याच्याशी बोलता येतं.

म्हणून आमचं म्हणणं असं. पुढच्या आमसभेत हा विषय घ्यावा आणि ठराव करावा. ठरावात निदान एवढं असावं:

१. १६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद असते, मासळीचा विणीचा काळ असतो. त्या दोन महिन्यांत पाहुण्यांचंही पाणी बंद. आपण पोट आवळून बसायचं आणि दुसऱ्यानं त्याच पाण्यात खेळायचं, हे चालणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरलेलं असतं, तेव्हाही नको. दिवाळी ते होळी हाच काळ.

२. जाळ्यांचा भाग वेगळा, फेरीचा भाग वेगळा. जाळं संध्याकाळी पडतं, पहाटे उचललं जातं, आणि यांना पहाटेचंच पाणी आवडतं. म्हणून जाळ्यांच्या दोन्ही टोकांना रंगीत डबे बांधायचे, आणि सगळी जाळी वर येईपर्यंत कोणी होडी उतरवायची नाही.

३. धरणाची भिंत, गेट आणि कालव्याच्या तोंडापासून दूर. वरून पाणी शांत दिसतं, खाली ओढ असते. बुडालेल्या झाडांचे खुंट कुठे आहेत ते आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. म्हणून आपला एक माणूस सोबत असल्याशिवाय फेरी नाही.

४. जाकीट घातल्याशिवाय पाण्यात नाही. हे आपल्या सोबतच्या माणसालाही लागू. "मले पोहता येते" हे उत्तर चालणार नाही.

५. दारू नाही, रात्री स्पीकर नाही, आणलेला कचरा परत न्यायचा. शेकोटी ठरलेल्या जागीच.

६. पैसे कोणाच्या खिशात नाही, संस्थेच्या पावतीवर. सोबत गेलेल्याची मजुरी वेगळी, संस्थेचा हिस्सा वेगळा. जाळं फाटलं तर भरपाई त्यातूनच.

आपल्या उपविधीत फक्त मासेमारीचा उद्देश लिहिला असेल, तर त्यात दुरुस्ती करावी लागेल. १९६० च्या सहकारी अधिनियमाप्रमाणे आमसभेचा ठराव आणि पंजीयकाची मंजुरी लागते. वेळ लागेल, चकरा माराव्या लागतील. पण तो कागद हातात असला की जलसंसाधन विभाग आणि कलेक्टर ऑफिसात आपण संस्था म्हणून बोलू शकतो. ठरावाची प्रत दोन्हीकडे द्यायची आणि पोच घ्यायची. पोच विसरायची नाही.

आता घरातलं बोलू. पाहुण्यांचा खरा पैसा पाण्यावर कमी, काठावर जास्त आहे. साठ-सत्तर किलोमीटर सायकल मारून आलेल्या माणसाला भूक लागते. त्याला ज्वारीची भाकर, ताज्या मासळीचा रस्सा, ठेचा आणि वर दोन संत्री मिळाली, तर तो हॉटेलात कशाला जाईल? व्यापारी आपली रोहू-कतला ज्या भावात उचलतो, तीच मासळी ताटात वाढली की किती होते, हा हिशेब आपल्या बायांना आपल्यापेक्षा चांगला जमतो. त्यांचा बचत गट यात पहिल्या दिवसापासून असला पाहिजे, भांडी घासायला नंतर बोलवायचं नाही.

आणि आपली पोरं. सिहोर जिल्ह्यातली कावेरी ढीमर, मच्छीमाराची मुलगी, बापाबरोबर डोंगा चालवता चालवता भोपाळच्या वॉटर स्पोर्ट्स अकादमीत पोचली आणि कॅनोइंगमध्ये राष्ट्रीय सुवर्णपदकं घेऊन आली. वल्हं मारणं हा आपल्याकडे गरिबीचा धंदा समजला जातो, तिनं त्यालाच खेळ केलं. आपल्याकडेही अशी लेकरं आहेत. येणाऱ्या क्लबवाल्यांना अट घाला: दर सहलीला आमच्या चार पोरांना तुमची होडी आणि बचावाचं तंत्र शिकवा. दोरी कशी फेकायची, बुडालेल्याला श्वास कसा द्यायचा. कोणी बुडालं की रात्री-बेरात्री फोन आपल्यालाच येतो, प्रेत काढायला. एकदा तरी जिवंत माणूस काढायला शिकू.

सायकलवाल्या, वल्हंवाल्या मित्रांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगतो. या, पाणी कोणाच्या बापाचं नाही, आमच्याही नाही. पण तुम्ही झोपेतून उठून सूर्योदय पाहायला येता, तेव्हा आमचा माणूस दोन तास आधीपासून थंड पाण्यात हात घालून बसलेला असतो. त्याला आधी राम राम करा, जाळं कुठे आहे ते विचारा, मग होडी उतरवा.

सभासदांनो, आमसभेला या. पटत नसेल तर तिथं उभं राहून बोला, आम्ही ऐकू. पण घरी बसून "संस्था काही करत नाही" म्हणू नका. पाटी आपण लावली नाही, तर उद्या दुसरा कोणी लावेल, आणि तिच्यावर आपल्यालाच "प्रवेश बंद" लिहिलेलं असेल.