राबणारे खांदे आणि कर्णधारपद

लाइनमन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विजेच्या खांबावर चढलेला माणूस येतो. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, आणि जो पायाने कमी व हाताखांद्याने जास्त खेळला जातो, त्यातही लाइनमन असतो. आपल्या संघाकडे चेंडू असला की पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे राहतात. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर समोरचे धावून येतात, त्यांना हे पाच जण अंगावर घेतात. फेकणाऱ्याला तीन-चार सेकंद मिळावेत एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. वर्तमानपत्रात फोटो मात्र फेकणाऱ्याचा!

आर्ट शेल हा असाच एक कृष्णवर्णीय लाइनमन. रेडर्स संघातून १९६८ ते १९८२ असे पंधरा मोसम तो या भिंतीत उभा राहिला. हा संघ तेव्हा बहुतेक काळ ओकलंड शहरात होता. याच ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, हे वाचकांना ठाऊक आहेच. १९८९ साली शेल रेडर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. १९२० च्या दशकातील फ्रिट्झ पोलार्डनंतर त्या लीगमध्ये या पदावर कृष्णवर्णीय माणूस बसायला साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला. अंगमेहनतीच्या जागा काळ्यांना आणि हुकूम सोडायच्या जागा गोऱ्यांना, अशी वाटणी तिथे वर्षानुवर्षे चालली.

ही वाटणी आपल्याला नवी नाही. खेळाच्या मैदानावर ती आपल्याकडे कशी चालली हे पाहायचे तर पालवणकर बाळूंचे आयुष्य पाहावे.

बाळू जातीने चांभार. जन्म धारवाडचा, वडील लष्करात, बालपण पुण्यात. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, मैदान झाडायचे आणि रोलर ओढायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेथे ४ रुपये मिळू लागले. जाळी लावायची, खेळपट्टी आखायची, आणि साहेबांना सराव म्हणून तासन्‌तास चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज रोज त्यांच्याकडून गोलंदाजी करून घेत. बाद केले की आठ आणे देत, असे सांगतात. मी पडलो कारकून, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. आठ वेळा साहेबाला बाद केले की महिन्याचा पगार सुटतो! पण त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधीच आली नाही. त्या काळी इंग्लंडातही फलंदाजी ही सभ्य गृहस्थांची कला आणि गोलंदाजी ही मजुरीच्या माणसाची मेहनत मानली जाई. आपल्याकडे तिला जातीची जोड मिळाली एवढेच.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चाले. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे. चेंडू विटाळत नाही आणि कप विटाळतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे ते शास्त्र्यांनीच सांगावे.

मुंबईला आल्यावर बाळूंनी रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण डावखुऱ्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले.

एवढे करून कर्णधारपद? ते नाही. वर्षामागून वर्षे त्यांच्यापेक्षा कमी अनुभवी माणसे कर्णधार झाली. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल या दोघांनी संघातून अंग काढून घेतले. मला या साऱ्या हकिकतीत ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. राबणाऱ्याने हात आखडता घेतला आणि लगेच हिशोब बदलला. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करून परत बोलावले, भाऊही परत आले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी चौरंगी सामन्यांत संघ जिंकला. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या वाचनालयांनी ते मिळवून ठेवावे.

इतका मोठा खेळाडू, तरी आपल्या सभांतून बाळूंचे नाव फारसे निघत नाही. त्याला कारण आहे. तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता, पण १९३२ साली जातीय निवाड्याच्या वेळी बाळू गांधीजींच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले.

काही मंडळी एवढ्यावरून त्यांना एका शब्दात निकालात काढतात. मला ते पटत नाही. ज्या माणसाला बाहेरच्या चहापासून तंबूच्या आत यायला वीस-पंचवीस वर्षे लागली, त्याला आत आल्यावर वाटले की दार आता सर्वांसाठी उघडेल. बाबासाहेबांनी ओळखले होते की तंबू दुसऱ्याचा असेल तर दारही त्याच्याच मर्जीने उघडते आणि मिटते. बाळूंचे राजकारण चुकले असे मी म्हणेन. पण म्हणून ते ११४ बळी पुसायचे, आणि ३ रुपयांवर रोलर ओढणारा पोरगा विसरायचा, हे कुठले न्यायाचे? शिवाय मतदारांनी आपला निकाल तेव्हाच दिला होता. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

बाळू जुलै १९५५ मध्ये मुंबईत वारले. नागपूरची धम्मदीक्षा तेव्हा सव्वा वर्षावर आली होती.