दहा ओळींची परीक्षा

माझ्या आपाचा मुलगा अमेरिकेत पीएच.डी. संपवतोय आणि प्राध्यापकाच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करतोय. परवा फोनवर म्हणाला, "खाला, माझ्या सीनियर मुलांना अर्जासोबत डायव्हर्सिटी स्टेटमेंट द्यावं लागायचं. वेगवेगळ्या वंशांच्या, गरीब घरांतल्या मुलांसाठी तुम्ही काय केलंत, पुढे काय करणार, हे पान-दोन पानांत लिहायचं. आता टेक्सासमध्ये ते मागायलाच कायद्याने बंदी आहे. चांगलं झालं की वाईट?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आठवली ती माझीच मुलाखत.

बी.एड. होऊन दोन वर्षं झाली होती. पाठ चांगला झाला, व्याकरणाचे प्रश्न झाले. मग एका सदस्याने कोरा कागद पुढे सरकवला, "राष्ट्रीय एकात्मतेवर दहा ओळी लिहा, मॅडम." मी लिहिल्या. छान लिहिल्या. बाहेर येऊन बाकीच्या उमेदवारांना विचारलं, तर कोणालाच कागद मिळाला नव्हता. नोकरी मला मिळाली. ती माझ्या पाठामुळे मिळाली की त्या दहा ओळींमुळे, हे मला आजही ठाऊक नाही.

म्हणून अशा निवेदनांवर बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं मला पटकन कळतं. हेतू कितीही नेक असो, पोटासाठी मागितलेलं मत हे मत राहत नाही. बर्कलेला 2018-19 साली जीवशास्त्राच्या जागांसाठी 893 पात्र अर्ज आले होते. पहिल्याच चाळणीत फक्त हे निवेदन वाचून 214 ठेवले गेले. संशोधन नंतर बघायचं! याच कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1949 मध्ये प्राध्यापकांकडून कम्युनिस्टविरोधी शपथ मागितली होती. सही न करणाऱ्या 31 जणांना काढलं आणि 1952 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. 2025 च्या मार्चमध्ये विद्यापीठाने निवेदनाची सक्ती स्वतःच सोडली.

पण सगळे कायदे सारखे नाहीत, आणि इथेच माझी वाट वेगळी होते. कॅन्ससचा 2024 चा कायदा मला मान्य आहे. प्रवेश देताना, नेमणूक किंवा बढती करताना कुठल्याही राजकीय विचाराच्या बाजूने किंवा विरोधात निवेदन मागायचं नाही, एवढंच तो म्हणतो. दोन्ही बाजूंना सारखा लागू.

टेक्सासचा कायदा 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. त्याने निवेदन बंद केलं आणि त्याच दमात सरकारी विद्यापीठांतली विविधतेची कार्यालयंही बंद केली. वर्गातलं शिकवणं आणि संशोधन त्यातून वगळलं आहे, हे मान्य. पण ऑस्टिनच्या विद्यापीठातलं बहुसांस्कृतिक केंद्र गेलं, आणि कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांना मदत करणारा 'मोनार्क' कार्यक्रमही गेला. त्या मुलांनी कोणाकडून निबंध मागितला होता?

उर्दू प्राथमिक शाळेतून आठवीला मराठी माध्यमात आलेली मुलगी पहिले दोन महिने तोंड उघडत नाही. तिला 'समीकरण' येतं, पण 'मसावात' या नावाने. शाळा सुटल्यावर मी अशा चार-पाच मुलींना घेऊन अर्धा तास बसते. हे करीन असं माझ्याकडून कोणी लिहून घेतलं नव्हतं. उद्या कोणी लिहून घ्यायला लागलं तर मी चिडेन. पण कोणी येऊन म्हणालं, "एकाच समाजाच्या मुलींना वेगळं बसवता, हे बंद करा," तर मी नुसती चिडणार नाही, भांडेन. या दोन गोष्टी एकच आहेत असं टेक्सासच्या आमदारांनी धरून चाललं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या पुष्कळांनीही.

भाच्याला मी हे सगळं इतकं नीट सांगितलं नाही. एवढंच विचारलं, तू तिथे त्या पोरांना शिकवतोस ना, ज्यांच्या घरात कॉलेजात गेलेलं कोणी नाही?

"हो, दर शनिवारी."

"मग ते तुझ्या शिकवण्याच्या अनुभवात लिही. किती मुलं, कोणता विषय, किती पास झाली. विचारबिचार लिहू नकोस."

"पण खाला, पुढच्या वर्षी तो शनिवारचा वर्ग राहील की नाही, तेच माहीत नाही. खोली त्या कार्यालयाची होती."