बाळाचे मुख कोणीकडे?

कळा सुरू झालेल्या स्त्रीला ऐन वेळी पुन्हा सोनोग्राफी कशासाठी, असे आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे विचारतात. नऊ महिन्यांत तपासण्या झाल्या, डोके खाली आहे असे डॉक्टरांनी सांगितले, मग आता आणखी काय पाहावयाचे राहिले? हा पैसे काढण्याचा प्रकार असावा, असेही कोणी बोलून दाखवितात. शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि येथे ती अस्थानी आहे.

डोके खाली असणे पुरेसे नाही. ते कोणीकडे वळले आहे यालाही फार महत्त्व आहे. बहुधा कळांच्या ओघात बाळ हळूहळू फिरते आणि शेवटी त्याचे मुख आईच्या पाठीकडे होते. हनुवटी छातीशी टेकलेली असल्यामुळे डोक्याचा सुमारे ९.५ सेंटिमीटरांचा व्यास वाटेत येतो. मुख आईच्या पोटाकडे राहिले, तर मान पुरती वाकत नाही आणि तोच व्यास सुमारे ११.५ सेंटिमीटर होतो. दोन सेंटिमीटरांचे अंतर कापड घेताना आपण सोडून देतो. प्रसूतीच्या वाटेवर तेच अंतर आईचे प्राण कंठाशी आणते. कळा लांबतात, कंबर फुटून जाईल असे वाटते. अशी बहुतेक बाळे आपोआप फिरतात. शंभरांत सुमारे पाच मात्र अखेरपर्यंत तशीच राहतात.

हे ओळखण्याची जुनी रीत बोटांची. आपल्या आज्या तेलाने भरतात ती पुढची टाळू चौकोनी असते. मागची लहान व तिकोनी. कोणती कोठे लागते यावरून तपासणारा दिशा ठरवितो. परंतु बाळंतपण लांबले की डोक्यावर सूज चढते, टाळू लागत नाही, आणि अनुभवी हातही फसतो. अशा वेळी ओटीपोटावर यंत्राची दांडी ठेवून पडद्यावर पाहता येते. डोळ्यांच्या दोन खोबण्या पुढे, आईच्या पोटाकडे, दिसल्या की बाळाचे मुख तिकडे आहे हे उघड होते. यात क्ष-किरण नाहीत. कानास ऐकू न येणारा ध्वनी आहे. पोलादातील भेगा शोधण्याच्या यंत्रापासून धडा घेऊन ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली ही विद्या प्रसूतिशास्त्रात आणली.

डब्लिन येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. चिमटा वा व्हॅक्यूम लावण्यापूर्वी नुसत्या हाताने तपासले असता शंभरांत सुमारे वीस वेळा दिशा चुकीची ठरली; सोनोग्राफीची जोड दिल्यावर दोनांहूनही कमी. मात्र तेवढ्यानेच माता व बालके यांना होणाऱ्या इजा कमी झाल्याचे दिसले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यंत्र दिशा सांगते. पुढे थांबावे, हाताने डोके फिरवावे की शस्त्रक्रिया करावी, हा निर्णय जाणत्या माणसाचाच. म्हणूनच प्रसूती नीट पुढे सरकत असताना प्रत्येक स्त्रीला हे आवश्यक नाही.

ख्रिस्तसभेचा या विद्येस विरोध आहे काय? मुळीच नाही. गर्भातील जीवाचे रक्षण करण्यासाठी होणारी तपासणी योग्यच, असे १९८७ सालच्या ‘दोनुम व्हिते’ या व्हॅटिकनच्या पत्रकात स्पष्ट म्हटले आहे. पाप आहे ते मुलगी नको म्हणून त्याच यंत्राचा उपयोग करण्यात. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगणे हा गुन्हा ठरविला आहे. तरीही प्रसूतिगृहाच्या दाराशी उभे राहून, “पडद्यावर काय दिसले हो?” असे डॉक्टरांना विचारणारे सासरे आपल्यात आहेत. सून आत तळमळत असता हा प्रश्न सुचतो तरी कसा!

तेव्हा आठव्या महिन्यातच चौकशी करून ठेवावी: रुग्णालयात रात्री शस्त्रक्रिया होते काय, रक्त मिळते काय, प्रसूतीच्या खोलीत हे यंत्र आहे काय. वेळ आल्यावर “लवकर मोकळी करा” किंवा “काही झाले तरी पोट फाडू नका” असा तगादा बाहेरून लावू नये. आणि दीर्घ कळांनंतर जन्मलेल्या बाळाचे डोके लांबट वा सुजलेले दिसले, तर आजीबाईंनी ते दाबून गोल करण्याच्या खटपटीस लागू नये. ती सूज बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते. न उतरल्यास बाळ डॉक्टरांना दाखवावे.