गोलंदाजांवर अन्याय? निम्माच खरा!



वार्षिक क्रिकेट पुरस्कार फलंदाजांनाच मिळतात, ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची तक्रार पुरुषांपुरती तरी टिकत नाही. आयसीसीच्या वर्षातील सर्वोत्तम क्रिकेटपटूचा सर गारफिल्ड सोबर्स करंडक मिचेल जॉन्सनने दोनदा नेला, २०१६ मध्ये अश्विनने, २०२१ मध्ये शाहीन आफ्रिदीने आणि २०२३ मध्ये पॅट कमिन्सने. २०२४ मध्ये तो बुमराहकडे आला. त्या वर्षी त्याने १३ कसोटींत ७१ बळी घेतले, तेही पंधराहून कमी सरासरीने. अशा आकड्यांपुढे परीक्षक तरी काय करणार!

महिलांबाबत मात्र पत्रलेखकाचे दुखणे खरे आहे, आणि नेमके तेच त्यांनी एका ओळीत उरकले आहे. गोलंदाज झूलन गोस्वामीला आयसीसीच्या वर्षातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटूचा मान २००७ मध्ये मिळाला. २०१७ ते २०२४ या काळातील मानकरी मात्र पाहावेत: एलिस पेरी, स्मृती मानधना, नॅट सिव्हर-ब्रंट, अमेलिया कर. एक सलामीची फलंदाज, बाकीच्या अष्टपैलू. निव्वळ गोलंदाज एकही नाही. या काळात झूलनलाही तो पुन्हा मिळाला नाही; एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी घेऊन ती २०२२ मध्ये निवृत्त झाली.

तेव्हा स्वतंत्र गोलंदाजी पुरस्काराची मागणी करायचीच असेल, तर ती आधी महिलांसाठी व्हावी.

– एक वाचक, पुणे