सूड हे सांत्वन नव्हे

गुन्हेगारी चित्रपटाला ख्रिस्ती कुटुंबात थारा नसावा, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी बजावतात. त्याच कुटुंबांतील तरुण मात्र असे चित्रपट आवडीने पाहतात आणि खलनायकाला गोळी लागली की ‘बरे झाले’ म्हणून समाधानाने उठतात. आम्हांला या दोन्ही भूमिका अमान्य आहेत. पहिली भूमिका प्रश्नाकडे पाठ फिरवते. दुसरी त्याचे खोटे उत्तर स्वीकारते. आमच्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ ‘इन द बेडरूम’ या अमेरिकन चित्रपटाची साक्ष आम्ही काढतो.

टॉड फील्ड या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २००१ साली तो सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविला गेला. सुमारे १७ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने किरकोळ खर्चात, तो तयार झाला. तरीही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनासह ऑस्करची ५ नामांकने त्याला मिळाली.

कथा मेन राज्यातील कॅम्डेन या समुद्रकाठच्या गावात घडते. मॅट फाउलर हे तेथील डॉक्टर. पत्नी रूथ शाळेत समूहगान शिकविते. त्यांचा एकुलता मुलगा फ्रँक सुट्टीत घरी आला असता नॅटली नावाच्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीच्या प्रेमात पडतो. तिचा नवरा रिचर्ड फ्रँकला गोळी घालून ठार करतो. खुनी कोण, हे रहस्य येथे नाहीच. मूल गेल्यावर घरात उरलेल्या दोन माणसांच्या दुःखाचे पुढे काय होते, हेच या चित्रपटाचे खरे रहस्य आहे.

गोळी झाडताना नॅटलीने प्रत्यक्ष पाहिलेले नसते. त्यामुळे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध आणि काही वर्षांची कैद, एवढ्यावरच प्रकरण निभावेल असे दिसू लागते. आरोपी जामिनावर सुटून गावात उजळ माथ्याने वावरतो आणि सामान आणायला गेलेल्या आईसमोर तो उभा राहतो. तिच्या जिवाची तडफड ज्याला कळणार नाही, त्याने क्षमेवर प्रवचन करू नये. अखेर मॅट एका मित्राच्या साहाय्याने रिचर्डला पळवून नेतात, रानात ठार करतात आणि पुरतात.

येथे कोणी म्हणेल, ‘बापाने योग्यच केले, कायदा दुबळा ठरला तर माणसाने काय करावे?’ आम्ही त्यांना शेवटचा प्रसंग पुन्हा पाहावयास सांगतो. पहाटे मॅट घरी परततात. काम झाले का, एवढेच रूथ विचारते आणि कॉफी करावयास उठते. मॅट अंथरुणावर पडून राहतात. खालून तिची हाक येते. उत्तर जात नाही. ना विजयाचा उद्गार, ना मोकळे रडणे. मुलगा परत आलेला नाही आणि आता त्या घरात दुःखाच्या शेजारी एक गुपितही कायमचे राहावयास आले आहे.

मुळात या दांपत्याने एकमेकांजवळ शोक केलेलाच नाही. ती सिगारेट ओढत दूरदर्शन संचासमोर बसते. तो कामात तोंड लपवितो. दोघे प्रथम मोकळे बोलतात ते एकमेकांना मुलाच्या मृत्यूचा दोष देण्यासाठी, आणि पुन्हा जवळ येतात ते तिसऱ्याच्या मरणावर! सूड हा त्यांच्या शोकाचा शेवट नव्हता, शोक टाळण्याची ती पळवाट होती. चित्रपटात शेवंडीच्या सापळ्याविषयी एक संवाद आहे. सापळ्याच्या आतल्या कप्प्याला तेथील कोळी ‘बेडरूम’ म्हणतात. त्यात दोनांहून अधिक शेवंडी अडकल्या की एकमेकींच्या नांग्या तोडतात. बंद घरातील दुःखही असेच हिंस्र होते.

हा विचार कोण्या उपदेशकाचा नाही. चित्रपटाची मूळ कथा आंद्रे डब्यूस या कॅथलिक लेखकाची. ती १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कथासंग्रहात आहे. १९८६ साली महामार्गावर अडलेल्या दोघा भावंडांच्या मदतीला ते थांबले असता मोटारीने त्यांना उडविले. त्यात त्यांचा एक पाय गेला आणि १९९९ साली निधन होईपर्यंत ते चाकांच्या खुर्चीला खिळले. दुःख म्हणजे काय, हे अशा माणसाला ठाऊक होते. त्यांनी बापाला ना सैतान ठरविले, ना वीर.

चित्रपटात धर्मगुरूही आहेत. मुले गमावलेल्या असंख्य मातांचे एक दर्शन ते रूथला सांगतात. शब्द चांगले आहेत, पण त्यांनी तिचे मन हलत नाही. हा दोष आम्ही एकट्या धर्मगुरूंच्या माथी मारणार नाही. ‘देवाची इच्छा’ म्हणून आपणही दुःखिताचे तोंड बंद करतो. दफनाला गर्दी करतो, महिन्याच्या मिस्सेला हजर राहतो आणि दुसऱ्या महिन्यात त्या घराची वाट विसरतो. न्याय मागणे हा दुःखिताचा हक्क आहे आणि त्यासाठी त्याच्यासोबत न्यायालयाच्या पायऱ्या चढणे हे आपले कर्तव्य आहे. ते न करता आपण त्याला एकटे सोडले, तर त्याच्या हातात शस्त्र येईल तेव्हा आश्चर्य वाटून घेण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.